कूलरसमोरचे पिंजरे

आत्या गेली हे मला कॉलेजच्या ग्रुपवरून कळलं. आमच्या प्रयोगशाळेत मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवूनच आत जावं लागतं. बाबांनी अकोल्याहून मला फोनवर फोन केले, मी उचलले नाहीत, म्हणून शेवटी त्यांनी कॉलेजच्या ऑफिसात फोन करून पोरीपर्यंत निरोप पोचवा असं सांगितलं. ऑफिसने तो निरोप विभागप्रमुख सरांना दिला. सरांची केबिन माझ्या टेबलापासून एक भिंत सोडून आहे. पण मला बाहेर बोलावून सांगण्याऐवजी त्यांनी तो ग्रुपवर टाकला. दुपारी डबा खायला मी बाहेर आले तेव्हा जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती आणि रांगेच्या वर सरांचा मजकूर होता : 'आपल्या प्राणीगृहाच्या माजी प्रमुख डॉ. प्रमिला मॅडम यांचे अकोला येथे दुःखद निधन. मुक्या जिवांवर आईसारखी माया करणारे एक हळवे व्यक्तिमत्त्व हरपले.' मी जिन्यात उभी राहून ते वाचलं. रडू यायच्या आधी राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

कारण आत्या हळवी नव्हती. ती बाबांची धाकटी बहीण, बार्शीटाकळीत वाढलेली, अकोल्यात पशुवैद्यक शिकलेली. आमच्या घरातली पहिली डॉक्टर. गावात तिला सगळे 'ढोरायची डाक्टरीण' म्हणत आणि तिला ते आवडायचं. नोकरी अमरावतीला लागली, तरी सुट्टीत ती गावी गेली की ओट्यासमोर बकऱ्या, गाई, कुत्री घेऊन माणसं उभी असत. मी लहान असताना एकदा एक माणूस पोट फुगलेली बकरी घेऊन आला होता. आत्याने विचारलं, "काय चारलं?" तो म्हणाला, "काईच नाई." आत्याने हात मागे घेतले. "काईच नाई खाऊन पोट ढोलासारखं होते काय बाप्पा? खरं सांग, नाई तं घेऊन जाय बकरी." तो माणूस इकडेतिकडे पाहत राहिला, मग हळूच म्हणाला, "पंगतीतलं उरलेलं व्हतं... भात अन् पोळ्या. फेकाले जिवावर आलं." तेव्हा कुठे तिने बकरीला हात लावला. बकरी वाचली. तिने तिला कुरवाळलं वगैरे काही नाही. हात धुतले आणि त्या माणसाला म्हणाली, "आधीच सांगतलं असतं तं एवढा वेळ तळमळली नसती ते."

आधी खरं काय ते सांगा, मग उपचार. तिची माया होती ती अशी, आणि त्याला माया म्हणायची तिची तयारी नव्हती.

मी बारावीनंतर अमरावतीला तिच्याकडे राहायला गेले. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, समोर पेरूचं झाड, गल्लीत संध्याकाळी क्लासमधून सुटलेल्या मुलांच्या सायकली. मी इंग्रजी शाळेतली, घरातही कमी बोलणारी. माझं मराठी पुस्तकी आणि वऱ्हाडी तर फक्त कानांपुरतं. आत्या मला नावाने हाकच मारायची नाही. "ए कॉन्व्हेंट, चहा ठेव." "कॉन्व्हेंट, आज भाजीत मीठ इंग्लंडले गेलं काय?" पण पाहुण्यांसमोर कुणी 'पोरगी बोलत का नाही' असं म्हटलं, की ती लगेच म्हणायची, "बोलनारे लय हायत. ते पाहते. पाहू द्या तिले." मला कुणी इतक्या सहज सोडवलेलं नव्हतं.

तिचं काम औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात, प्राणीगृहाची प्रमुख म्हणून. तिथे पांढरे उंदीर असतात. नवी औषधं माणसाला देण्याआधी त्यांना देऊन पाहतात. लोकांना वाटतं, प्राणीगृहाची डॉक्टर म्हणजे उंदरांची काळजी घेणारी बाई. काळजी ती घ्यायचीच. पण का घ्यायची, हे तिने मला एकदा पोळ्या लाटताना सांगितलं होतं. "उंदीर म्हंजे साक्षीदार. त्याले आजारी ठेवून साक्ष घेतली तं ते साक्ष कोनाची? त्याची का आजाराची?" त्यानंतर तिने पोळी तव्यावर टाकली आणि विषय संपला. ती शिकवायची तेव्हाही असंच शिकवायची, एकदाच. ज्याने ऐकलं नाही त्याचं त्याला.

आता त्या उन्हाळ्याबद्दल लिहिते. सर ज्याला अजूनही 'ते प्रकरण' म्हणतात. सरांकडे मेळघाटातल्या एका वेलीचा अर्क होता. वेलीचं नाव मी लिहीत नाही, तिचा काही दोष नाही. त्या अर्काने शरीराची रोगप्रतिकारशक्ती वाढते, हे त्यांना उंदरांवर दाखवायचं होतं. चाचणी सोपी असते. उंदराच्या शेपटीच्या शिरेत शाईसारखं काळं द्रावण सोडतात आणि ते रक्तातून किती लवकर नाहीसं होतं ते पाहतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी जितक्या जाग्या, तितकी शाई लवकर जाते. काही उंदरांना अर्क द्यायचा, काहींना नुसतं पाणी, आणि दोघांची तुलना करायची. त्या वर्षी प्राणीगृहातलं एसी ऐन मार्चमध्ये बंद पडलं. दुरुस्तीची मंजुरी येईना. मग आपल्याकडे जे करतात तेच केलं. खिडकीत कूलर बसवला. गवताच्या ताट्या, खाली टाकी, टाकीत नळी सोडून पाणी भरायचं. अमरावतीच्या उन्हात त्याशिवाय उंदीर जगलेच नसते, हे आत्याही मान्य करायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की टाकी रोज रिकामी करून घासली पाहिजे. ती घासली जात नव्हती. ती स्वतः सांगायची, ओरडायची, दोनदा स्वतःच घासायला बसली. पण सुट्ट्या सुरू झाल्या, माणसं कमी झाली आणि टाकीत वरून पाणी ओतत राहणं सोयीचं होतं.

आणि मग सरांनी एक गोष्ट केली, जी फक्त वऱ्हाडातल्या उन्हाळ्यातच कुणाला सुचेल. अर्क दिलेले उंदीर हे महत्त्वाचे उंदीर. त्यांना ऊन लागून ते मरायला नकोत. म्हणून त्यांचे पिंजरे कूलरच्या अगदी समोर ठेवायला लावले, आपण पाहुण्याला खाट टाकून देतो तसे. नुसत्या पाण्यावरचे उंदीर पलीकडच्या भिंतीला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चांगल्या मनाने केलेली सोय होती ती.

चाचणीचा निकाल आला आणि विभागात पेढे वाटले गेले. अर्कवाल्या उंदरांच्या रक्तातून शाई भराभर नाहीशी होत होती. सरांचा स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. आत्या मात्र मेलेल्या उंदरांची तपासणी करत होती. ती तिची पद्धतच होती. कुणी मागो न मागो, ती प्रत्येक उंदीर उघडून पाहायची. कूलरसमोरच्या उंदरांच्या प्लीहा, अंगात संसर्ग असला की सुजणारा पोटातला अवयव, तिला मोठ्या दिसल्या. अर्क सुरू होण्याआधीच जे एकदोन मेले होते, त्यांच्याही. मग तिने कूलरच्या टाकीचं पाणी आणि उंदरांच्या पाण्याच्या बाटल्यांची तोंडं तपासायला लावली. बशीत जंतू वाढले तेव्हा ती मला ती बशी दाखवायला घेऊन गेली. बशी हिरवट निळी झाली होती आणि तिला पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास येत होता. "सुगंध पाय कसा सुटला," आत्या म्हणाली. "हाच बसला हाय कूलरात."

तो जंतू ओल्या जागी बुळबुळीत थर धरून राहतो आणि कूलरच्या वाऱ्याबरोबर समोरच्या पिंजऱ्यांत उडतो. धडधाकट प्राण्याला तो सहसा पाडत नाही. उंदीर खातो, पळतो, चाकावर फिरतो, वरून काही कळत नाही. पण आत शरीराने लढाई सुरू केलेली असते. सफाई करणाऱ्या पेशी आधीच खवळलेल्या असतात. त्या वेळी तुम्ही शाई सोडलीत, तर त्या शाईवरही तुटून पडतात. मला हे नीट समजेना, म्हणून आत्याने दुसऱ्या तऱ्हेने सांगितलं : "ज्या घरात काल चोर शिरला, त्या घरातले लोक आज पान हाललं तरी काठी घेऊन उठतेत. अन् हे म्हनून राहिले, आमच्या काढ्यानं जागे झाले." ती हसली नाही. तिला त्याची गंमत वाटतच नव्हती. जंतू लागलेल्या उंदरावर प्रतिकारशक्तीची चाचणी घेणं म्हणजे काहीच न घेणं. हे तिच्यासाठी इतकं उघड होतं की सांगितल्यावर सर लगेच थांबतील, असं तिला खरंच वाटलं. तिची एवढीच भोळी बाजू मला माहीत आहे.

सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही गुरांच्या डॉक्टर. तुम्ही गुरांसारखा विचार करता... म्हणजे, गुरांच्या डॉक्टरसारखा." सगळे हसले. मी तेव्हा तिथे एम.फार्म.ला होते, दारापाशी उभी होते. गावात जे नाव ती हसून घ्यायची, ते त्या केबिनमध्ये तिच्या तोंडावर फेकलं गेलं. मग तिने वाद न घालता पिंजरे बदलून पाहिले. उरलेल्या उंदरांतले नुसत्या पाण्यावरचे कूलरसमोर आणि अर्कवाले भिंतीला. काही आठवड्यांनी निकाल उलटा आला. आता नुसत्या पाण्यावरच्या उंदरांचीच शाई लवकर जात होती. अर्काचा त्यात काहीच हात नव्हता. तिने ते घेऊन सरांसमोर ठेवलं. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो उंदरांबद्दल नव्हता. "याला समितीची मंजुरी होती?" प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाला त्या समितीची मंजुरी लागते, आणि ती नव्हती, हे खरं आहे. तिने अर्ज दिला होता. तो सरांच्याच टेबलावर पडून होता. आणि वर ते हसून म्हणाले, "तुमच्यात जिद्द मात्र असते, हं. हे मानलं पाहिजे." तुमच्यात. आत्याने तो शब्द ऐकला, मीही ऐकला. घरापाशी ऑटोतून उतरताना आत्या म्हणाली, "तू यात पडू नको. तुले अठीच शिकाचं हाय."

अर्कावरचा सरांचा संशोधन-पेपर छापून आला. आत्याला प्राणीगृहातून काढून कॉलेजच्या औषधी वनस्पतींच्या बागेची देखरेख दिली गेली. पशुवैद्यक डॉक्टरला बाग. तिने तिथे जाऊन तुळशीला पाणी घातलं नाही, असं मात्र कुणाला म्हणता येणार नाही. ती कामात चुकारपणा करूच शकत नव्हती. ज्या नियतकालिकात पेपर आला त्याच्या संपादकांना तिने कळवलं. त्यांनी विभागाकडे विचारणा केली आणि विभागाने, म्हणजे सरांनी, उत्तर दिलं की सदर व्यक्तीचा आता प्राणीगृहाशी संबंध नाही. तिथे ते संपलं. पुढे त्या वेलीचा काढा बाटलीत भरून बाजारात आला, 'प्रयोगातून सिद्ध' असं वर लिहून. औषधाच्या दुकानात आत्याने ती बाटली हातात घेऊन वाचली. दुकानदार म्हणाला, "घ्या मॅडम, कमजोरीले लय चांगलं हाय. तुमच्याच कॉलेजचं हाय ना हे?" आत्याने बाटली जागेवर ठेवली आणि सुई-सिरिंज घेऊन बाहेर आली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "लोकं पिऊन राहिले वं." बस.

सर वाईट माणूस नाहीत, असं अशा लेखात कुठेतरी लिहायची पद्धत आहे. मी ते लिहिणार नाही.

मग आत्या आजारी पडली. रक्ताचा कर्करोग. बाबा तिला अकोल्याला घेऊन गेले. मी शनिवार-रविवार मूर्तिजापूरमार्गे बसने जायचे. आमची शेवटची मोठी भेट झाली ती दवाखान्यात, मे महिन्यात. बायकांच्या वॉर्डात खिडकीत कूलर धडधडत होता. औषधांनी आत्याच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली आल्या होत्या की तिच्या अंगात लढायला कुणी उरलंच नव्हतं. डोक्यावर केस नाहीत, आवाज खोल गेलेला. आणि मला पाहताच ती म्हणाली, "आधी ते कूलर बंद कर." मी उठले, तशी समोरच्या खाटेवरच्या म्हातारीची सून, दर्यापूरची, उभी राहिली.

"काहून बंद करता? भल्लं ऊन हाय बाहेर. आमची म्हातारी उकडून मरन ना!"

"उकडून नाई मरत," आत्या पडल्या पडल्या म्हणाली. "टाकीत हात घालून पाय, कशी बुळबुळीत हाय ते."

"तुमी डाक्टर हाय काय वं बाई?"

"हाव. ढोरायची."

"घ्या! मंग आमी काय ढोरं हाय काय?"

"ढोरं असते तं केव्हाच गोठा बदलाले लावला असता. मानसायचं कोनी ऐकत नाई."

आधी ती म्हातारी हसली, मग सगळा वॉर्ड. सून बाई टाकीजवळ गेली, आत हात घातला आणि शी करून बाहेर काढला. पुढचा तासभर तीच पदर खोचून, सफाईवालीकडून पावडर मागून आणून, टाकी घासत बसली होती. तोवर नुसता पंखा चालू, पाण्याची मोटर बंद. उकाड्याने सगळ्यांचे चेहरे लाल झाले होते, पण कुणी तक्रार केली नाही. आत्या डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. ती म्हणाली, "पायलं? सांगतलं तं ऐकते मानूस. सांगनाऱ्याले वॉर्डात पडा लागते एवढंच..."

आत्या त्या जंतूने गेली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाचणाऱ्याला तसं वाटेल आणि गोष्ट फार जुळून येईल. ती तिच्या आजाराने गेली, घरी, बाबांच्या समोर. जुळवून आणलेल्या गोष्टींचाच तर तिला राग होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अकोल्याला आमच्या घरासमोर मांडव घालून झाला. वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं, गावाकडची माणसं बोलली. आणि मग सर उभे राहिले. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पांढरा सदरा घालून, गाडी करून, विभागातल्या चौघांना घेऊन आले होते. त्यांनी फार सुंदर भाषण केलं. मी खरंच सांगते, सुंदर. ते म्हणाले, मॅडमच्या मनात प्राणिमात्रांविषयी अथांग करुणा होती, आणि ती असणारच, कारण बुद्धाची करुणा त्यांच्या रक्तात होती. उंदीर आजारी पडला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या हळवेपणातून कधी कधी त्या वादही घालायच्या, पण तो वाद आईचा असायचा.

मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. आमच्या घरात प्रज्ञा, शील, करुणा असे तीन शब्द एकत्र येतात, आणि ते याच क्रमाने येतात. लहान मुलांनाही पाठ असतात. सरांना त्यातला फक्त शेवटचा उचलायचा होता. प्रज्ञा मान्य केली, तर तिने काय शोधलं होतं ते सांगावं लागलं असतं. शील मान्य केलं, तर त्यांनी काय केलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून करुणा. बाई उंदरांसाठी रडायची. तिच्या आयुष्यातलं सर्वांत नेमकं काम त्यांनी आमच्याच मांडवात, आमच्याच शब्दाने पुसून टाकलं. शेवटी त्यांनी जाहीर केलं की कॉलेज प्राणीगृहाला तिचं नाव देणार आहे : 'डॉ. प्रमिला प्राणीगृह'. मांडवातून 'साधू, साधू, साधू' असा आवाज उठला. बाबा डोळे पुसत होते.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना म्हटलं, पाटी लावू द्यायची नाही. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेत. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी चढला. "तुयं डोस्कं फिरलं काय? एवढ्या मोठ्या कॉलेजात तिचं नाव लागून राहिलं. आपल्या सात पिढ्यात कोनाचं नाव कोन्या दारावर लागलं सांग मले."

मी म्हटलं, "बाबा, ते तिला मान देत नाहीत."

"मंग काय देऊन राहिले?"

मला त्या क्षणी नीट बोलता येईना. मला नेहमीच वेळेवर बोलता येत नाही. मी आत जाऊन तो पेपर काढला, इंग्रजीत होता, आणि बाबांच्या शेजारी खाटेवर बसून त्यातलं एक वाक्य त्यांना मराठीत वाचून दाखवलं. अशा प्रत्येक पेपरात ते असतं. 'या प्रयोगातले प्राणी अमुक कॉलेजच्या प्राणीगृहात ठेवले होते.' मी म्हटलं, उद्या पाटी लागली, की यापुढचा प्रत्येक पेपर म्हणेल, 'हे प्राणी डॉ. प्रमिला प्राणीगृहात ठेवले होते.' या वेलीवरचा पुढचा पेपर तयार होतोय. तोही म्हणेल. कूलर तोच आहे. टाकी आत्ताही कुणी घासत नाही. पण वर तिचं नाव असेल. वाचणाऱ्याला वाटेल, सगळं ठीकच असणार.

बाबांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना इंग्रजी वाचता येतं, हळू. त्यांनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं.

"म्हंजे जे खोटं हाय म्हनून ते बोंबलली, त्याच्यावर आता तिचीच सही घेनार?"

"हो."

बाबांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "चालजो सोमवारी. मी येतो."

सरांनी आमचं स्वागत केलं. चहा मागवला. पाटी तयार होऊन आली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाला टेकवून ठेवली होती. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं. सरांनी कागद बाजूला करून दाखवली. बाबांनी अक्षरांवरून हात फिरवला, आणि मला भीती वाटली की आता ते विरघळणार. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "साहेब, तिनं कूलरचं जे सांगतलं होतं ते आधी छापा. पेपरात चूक झाली असं लिहा. मंग लावा पाटी. मी सोता हार घेऊन येतो."

सरांनी चहाचा कप पुढे सरकवला. "अहो दादा, ते शास्त्रीय मतभेद होते. त्याचा आणि या सन्मानाचा काय संबंध? दोन्ही पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत."

"वेगळ्या हायत?"

"पूर्ण वेगळ्या."

"मंग पाटीसाठी मानूसही वेगळा पाहा. तिचं नाव नका लावू."

सर माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ होता. "तू तरी समजावून सांग बाबांना. तुझीही अजून पीएच.डी. व्हायचीय इथे."

मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर पाहत होते. पण या वेळी शब्द वेळेवर आले. "सर, मीच सांगितलंय त्यांना," मी म्हटलं.

बाबा उठले. कपाटापाशी जाऊन त्यांनी पाटीवर कागद परत गुंडाळला आणि ती दोन्ही हातांनी उचलली. सर म्हणाले, "अहो, हे काय करताय? ही कॉलेजची मालमत्ता आहे." बाबा म्हणाले, "दगड कॉलेजचा असन. नाव आमच्या घरचं हाय. दगडाचे पैसे सांगा, पाठवतो." कुणी पैसे सांगितले नाहीत. कुणी अडवलंही नाही. गेटवरच्या चौकीदाराने उलट आमच्यासाठी ऑटो थांबवला. अकोल्याच्या बसमध्ये बाबांनी ती मांडीवर धरली होती. वाटेत खड्डा आला की ते दोन्ही हातांनी ती थोडी वर उचलायचे.

हा लेख छापून आल्यावर कॉलेजात माझं काय होईल ते मला माहीत नाही. तो पेपर अजून जिथे होता तिथेच आहे. मी संपादकांना माझ्या नावाने कळवलं आहे, पिंजरे बदलल्यावर काय झालं होतं त्याच्यासह. उत्तर आलेलं नाही. बाटली दुकानात मिळते. प्राणीगृहाचं दार आहे तसंच आहे, त्यावर काही लिहिलेलं नाही, आणि त्या कोऱ्या दारासमोरून जाताना मला बरं वाटतं.

पाटी अकोल्याला आहे. आत्या शेवटी ज्या खोलीत होती, तिथे बाबांनी ती भिंतीला टेकवून ठेवली आहे, अक्षरं भिंतीकडे करून. आईने एकदा म्हटलं, निदान सरळ तरी ठेवा. बाबा नाही म्हणाले. आता त्यांचा फोन येतो, तेव्हा जेवलीस का हे ते नंतर विचारतात. आधी विचारतात, "दुरुस्त केलं काय त्यायनं?"

मी म्हणते, "नाही, बाबा."

"बरं," ते म्हणतात. "मंग राहू दे तशीच."